तेल लावणाऱ्या हातांचं मोल

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या पूर्णगडच्या घरी सुट्टीची मंडळी जमली होती. मागच्या पडवीत फणस फोडायचा कार्यक्रम चालला होता. हाताला खोबरेल चोळून सगळ्याजणी गरे काढत होतो. बारावीचा निकाल नुकताच लागला होता, तेव्हा साहजिकच विषय निघाला, "पुढे काय?" माझी भाची, म्हणजे मधल्या वन्संची मुलगी, गऱ्यातली आठळी काढता काढता अगदी सहज म्हणाली, "मामी, मी मालिश शिकणार आहे. निसर्गोपचारात, पंचकर्मात शिकलेल्या मुली हव्या असतात. मी चौकशी केली आहे."

क्षणभर कुणी काही बोललंच नाही. मग वन्सं म्हणाल्या, "बहात्तर टक्के मिळवलेस ते लोकांचे पाय चोळायला?"

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "असली कामं आपल्यात कुणी केली आहेत का गं?"

आमचे हे सहसा बायकांच्या बोलण्यात पडत नाहीत, पण तेही ओटीवरून म्हणाले, "बी.कॉम. कर, बँकेच्या परीक्षा दे. हे काय भलतंच!"

पोरीचा चेहरा उतरला. आणि तेवढ्यात माझं लक्ष पडवीच्या पायरीकडे गेलं. तिथे आमच्या वाडीतल्या काकी बसल्या होत्या. दोन फणस न्यायला आल्या होत्या, म्हणून त्यांना चहा दिला होता. पंचक्रोशीतल्या कितीतरी बाळंतिणींना आणि बाळांना ह्या काकींनी न्हाऊमाखू घातलं आहे. त्यांनी सारं ऐकलं होतं. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. कप विसळला, पडवीच्या कोनाड्यात पालथा घातला, फणस उचलले आणि गेल्या.

तो कप त्यांचा वेगळा होता. माझ्या लग्नाच्या आधीपासून तो त्या कोनाड्यात होता. त्या रात्री मला काही झोप आली नाही. कारण त्या हातांचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते साधंसुधं नाही.

"हा पाय मी नाय चोळणार"

२०१६ च्या पावसाळ्यात माझी पहिली खेप झाली. सिझेरियन करावं लागलं. रत्नागिरीहून घरी आले ती थकून गेलेली, टाके ओढताहेत, बाळ रात्रभर रडतंय. काकी दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला हजर. आधी बाळ, मग मी. पोटाला त्या हातच लावत नसत. "टाक्याचं प्वाट हाय, डाक्तर सांगंल तवा बगू," म्हणत. हात, पाठ, खांदे, पाय मात्र असे चोळायच्या की अंग पिसासारखं हलकं व्हायचं.

पाचव्या की सहाव्या दिवशी माझी डावी पोटरी फार दुखत होती. मीच म्हटलं, "काकी, आज हा पाय जरा जोरात रगडा."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. दोन्ही पोटऱ्यांवर हात फिरवला. मग वितीने एक पोटरी मोजली, दुसरी मोजली. पुन्हा मोजली.

"सूज येकाच पायाला हाय. न् ऊन लागतोय. हा पाय मी नाय चोळणार गो बाय. आधी डाक्तराला दाव."

सासूबाई म्हणाल्या, "अगो, बाळंतिणीला सूज यायचीच. चोळ की जरा, उतरेल."

काकी हलल्या नाहीत. "मी हात लावायची नाय," एवढंच म्हणाल्या. भर पावसात रिक्षा करून आम्ही रत्नागिरी गाठली. डॉपलर सोनोग्राफी झाली. पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली! डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "या पायाला मालिश केलंत का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "फार शहाणपणा केलात." बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशी गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त असतो, सिझेरियननंतर तर अधिकच. अशा वेळी पाय रगडला तर गुठळी सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकू शकते. मग जिवावरच बेततं. मला रक्त पातळ करणारं औषध काही महिने घ्यावं लागलं, आणि मी बरी झाले.

काकी चौथी शिकलेल्या आहेत. सव्वा महिना झाल्यावर आम्ही त्यांची पाठवणी केली. एक साडी, खण, नारळ आणि दीड हजार रुपये. सासूबाईंना वाटलं, जरा जास्तच झाले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. रुग्णालयाचं बिल मात्र आम्ही एक रुपयाचीही घासाघीस न करता भरलं होतं.

काकी कुठे शिकल्या?

पुढे एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी कळलं कसं?" त्या म्हणाल्या, "सासूनं शिकवलान. ती म्हणं, चोळायला कुणालाबी येतंय, थांबायला येयाला हवा."

मला वाटतं, या विद्येचं सारं मर्म याच वाक्यात आहे. मालिश म्हणजे नुसती ताकद नव्हे. कुठे दाबायचं, किती दाबायचं आणि कुठे हातच लावायचा नाही, हे कळणं म्हणजे मालिश.

आपल्याकडे ही विद्या किती जुनी! आयुर्वेदात तेल लावण्याला अभ्यंग म्हणतात आणि तो आजारपणातला उपाय म्हणून नाही, तर रोजच्या दिनचर्येचा भाग म्हणून सांगितला आहे. वाग्भटाने डोकं, कान आणि तळपाय यांना आवर्जून तेल लावायला सांगितलं आहे, आणि अजीर्ण असं काही असेल तर अभ्यंग करू नये असंही बजावलं आहे. म्हणजे पाहा, 'थांबायला यायला हवं' हे काकींच्या सासूबाईंचं म्हणणं ग्रंथातलंच आहे. दिवाळीतलं अभ्यंगस्नान आपण हौसेनं करतो, पण वर्षाचे बाकीचे दिवस तेलाची बाटली फोडणीपुरतीच!

आमच्या कोकणात तर प्रत्येक दुखण्याला वेगळं तेल. बाळाला आणि बाळंतिणीला घाण्यावरचं खोबरेल, गुडघे धरले की उंडीचं तेल, टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल. शहरातल्या मैत्रिणी हीच तेलं नाजूक बाटल्यांतून भारी किंमत देऊन घेतात, तेव्हा गंमत वाटते.

नव्या शास्त्रानेही जुन्या गोष्टी पारखून पाहिल्या आहेत. २००० साली आपल्या देशातल्या १२५ तान्ह्या बाळांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार आठवडे रोज तेलाने मालिश केलेल्या बाळांची वाढ चांगली झाली, तिळाच्या तेलाचा परिणाम विशेष दिसला, आणि बाळं झोपलीही छान. पण त्याच शास्त्राने काही गोष्टींना नाहीही म्हटलं आहे. बाळाच्या कानात-नाकात तेल घालणं, टाळूवर दाब देणं, बाळाला पायांना धरून उलटं करणं, बंद खोलीत शेगडीचा धूर करणं, हे सारं डॉक्टर नको म्हणतात. काकी पूर्वी बाळाच्या नाकात तेलाचा थेंब सोडत. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितल्यावर त्यांनी ते बंद केलं. जुनं ते सगळंच सोनं नाही आणि सगळंच टाकाऊही नाही, नाही का?

पुण्यापासून बँकॉकपर्यंत

भाचीचं बोलणं डोक्यात घोळत होतं, म्हणून मी मुद्दाम माहिती जमवायला लागले. मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते, त्यामुळे जुनं शोधायची खोड आहेच.

पहिलीच गोष्ट मला ठाऊक नव्हती. गांधीजींच्या रोजच्या दिनक्रमात मालिश असे. पुण्याला डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. तिथे गांधीजी मुक्कामाला येत. १९४६ च्या मार्चमध्ये ते पुण्याजवळ उरुळीकांचनला गेले, खेड्यातल्या गरिबांवर निसर्गोपचार केले, आणि तिथल्या आश्रमाची सुरुवात झाली. पुढे मणिभाई देसाईंनी तो आश्रम आयुष्यभर सांभाळला. आजही तिथे लोक उपचारांसाठी जातात आणि त्या उपचारांत मालिश असतंच. डॉ. मेहतांच्या पुण्यातल्या त्या जागेत १९८६ मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था सुरू झाली. म्हणजे ज्या कामाला आमच्या पडवीत 'भलतंच' म्हटलं गेलं, त्या कामाला सरकारी संस्थेत जागा मिळून कितीतरी वर्षं झाली!

दुसरी गोष्ट मुंबईची. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईत पोलिओची साथ आली. लुळ्या पडलेल्या मुलांच्या हातापायांत पुन्हा बळ आणण्यासाठी शिकलेली माणसं हवी होती. १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली. पुढे तो पदवीचा अभ्यासक्रम झाला. आज फिजिओथेरपिस्ट म्हटलं की आपण आदराने उभे राहतो. आणि त्याच सुमारास शहरातला मालिशवाला लोकांना कसा ठाऊक होता? १९५७ च्या 'प्यासा'मधल्या जॉनी वॉकरसारखा, तेलाच्या बाटल्या घेऊन बागेत फिरणारा हसवणारा माणूस! हातच दोन्ही, पण एकाला शाळा मिळाली आणि एकाला नाही.

बाहेरच्या देशांत डोकावलं तर आणखी नवल वाटतं. थायलंडमध्ये बँकॉकच्या वाट फो देवळात, शरीरात कुठे दाबायचं याच्या आकृत्या १९ व्या शतकात दगडावर कोरून ठेवल्या. त्याच देवळात पुढे मालिशची शाळा निघाली. २०१९ मध्ये युनेस्कोने थाई मालिशचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. जपानमध्ये शेकडो वर्षांपासून अंध माणसं मालिश शिकून मानाने पोट भरत आली आहेत. दक्षिण कोरियात तर मालिशचा परवाना फक्त अंधांनाच मिळतो. त्यावर खटला झाला तेव्हा २००८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो कायदा योग्य ठरवला.

तिथल्या आज्या आणि आमच्या काकी यांच्या हातांत फरक नाही. फरक आहे तो त्या हातांमागे उभ्या राहिलेल्या शाळेचा, कागदाचा आणि ठरलेल्या दराचा.

शिकायचं कुठे, काय?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात किंवा ओळखीत एखादी मुलगी, किंवा मुलं मोठी झालेली एखादी मैत्रीण या कामाकडे वळू पाहत असेल, तर मला कळलेलं सांगते. ढोबळ मानाने तीन वाटा आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली वाट निसर्गोपचार आणि पंचकर्माच्या सहायकाची. पुण्याच्या राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थेत उपचार-सहायकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालत आलेला आहे. शिवाय कौशल्य विकासाच्या सरकारी चौकटीत पंचकर्म सहायकाचं प्रशिक्षण आहे. पुण्याचं टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासूनचं, आमच्या बाजूला सावंतवाडीलाही आयुर्वेद महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी चौकशी केली तर कुठलं प्रशिक्षण खरं आणि कुठलं नुसतं प्रमाणपत्र विकणारं, हे कळतं. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीच्या पाहूनच पैसे भरावेत. या वाटेवर वैद्यांच्या देखरेखीखाली काम असतं. रोग ओळखणं आणि औषध देणं हे सहायकाचं काम नव्हे.

दुसरी वाट घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची मालिश करण्याची. शहरांत आता आजी जवळ नसते, सुनेला सुट्टी थोडी असते, म्हणून या बायकांना मोठी मागणी आहे. यात स्वतःचे तास स्वतः ठरवता येतात, हे संसारी बाईला सोयीचं. मात्र आधी एखाद्या जाणत्या बाईच्या हाताखाली काही महिने काढावेत, आणि शक्य तर स्वच्छता आणि प्रथमोपचाराचं छोटं प्रशिक्षण घ्यावं.

तिसरी वाट फिजिओथेरपीची. ही विज्ञान शाखेतून बारावी होऊन, प्रवेशपरीक्षा देऊन घेतलेली चार-पाच वर्षांची पदवी आहे. महाराष्ट्रात तिच्यासाठी वेगळी परिषद आणि नोंदणी आहे. सहा महिन्यांचा मालिशचा कोर्स केलेल्या मुलीने दारावर 'फिजिओथेरपिस्ट' अशी पाटी लावणं ही फसवणूकच.

"लोक काय म्हणतील?"

आता वन्संचं खरं दुखणं. कपाळाला हात लावून त्या मला म्हणाल्या, "वहिनी, वर्तमानपत्रात मसाज पार्लरवर धाड पडल्याच्या बातम्या येतात. उद्या हिच्या लग्नाच्या वेळी पाहुण्यांना काय सांगू?"

भीती अगदीच खोटी नाही. या कामाच्या नावाखाली वाईट धंदे चालतात, आणि सभ्य ठिकाणी काम करणाऱ्या मुलीलाही गिऱ्हाइकाकडून नको तो अनुभव येऊ शकतो. पण म्हणून काम वाईट, असं कसं म्हणायचं? माझ्या आईच्या लहानपणी परिचारिका व्हायचं म्हटलं तरी घरात रडारड व्हायची. आज नर्स सून मिळाली तर आपण कौतुकाने सांगतो.

म्हणून आम्ही बसून चार गोष्टी ठरवल्या. त्या सर्वांच्याच उपयोगाच्या आहेत. बाईने बायका-मुलांनाच मालिश करायचं. काम एखाद्या रुग्णालयात, आयुर्वेद केंद्रात किंवा ओळखीच्या घरी घ्यायचं. घरी जायचं तर पत्ता आणि यायची वेळ आपल्या माणसाला सांगून जायचं. आणि कुणी वावगं वागलं तर गप्प बसायचं नाही. २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध तक्रार करता येते. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी काम करणाऱ्या आणि घरोघर काम करणाऱ्या बाईसाठीही जिल्ह्यात समिती असते. हे आपल्या मुलींना आधी सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट मुलींनी डोळे उघडे ठेवून पाहावी. हे काम अंगमेहनतीचं आहे. काकींचे अंगठे आज सुजतात, मुठी नीट वळत नाहीत. नीट शिकलेल्या बायका नुसत्या अंगठ्याने दाबत नाहीत. तळहाताने, कोपराजवळच्या भागाने, स्वतःच्या अंगाचं वजन वापरून दाबतात, आणि दोन मालिशांच्या मध्ये विश्रांती घेतात. काकी जमिनीवर उकिडव्या बसून एका सकाळी चार घरं करत. कुणी त्यांना उंच पाट दिला नाही, टेबल तर सोडाच.

आणि पैशाचं म्हणाल तर, हे काम महिन्याच्या पगारासारखं एकसारखं नसतं. एका महिन्यात पाच बाळंतिणी, पुढच्या महिन्यात एकही नाही. म्हणून सुरुवातीला नोकरी, हात बसल्यावर स्वतःचं, हा क्रम बरा.

मालिश कधी करू नये?

हे कागदावर लिहून न्हाणीघराच्या दाराशी लावलंत तरी चालेल.

— एकाच पायाला सूज, दुखणं, लाली किंवा गरमपणा असेल तर हात लावू नये, आधी डॉक्टर. त्यातच अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर ताबडतोब रुग्णालय.

— ताप, अंगावर पुरळ, उघडी जखम, नुकतंच मोडलेलं हाड असेल तर मालिश नाही.

— सिझेरियननंतर डॉक्टर सांगेपर्यंत पोट आणि टाके सोडून द्यावेत.

— गरोदरपणी, रक्त पातळ करणारं औषध चालू असताना, कर्करोगाचे उपचार चालू असताना किंवा हाडं ठिसूळ झाली असताना आधी विचारावं, मगच.

— पायाच्या फुगलेल्या निळ्या शिरा रगडू नयेत.

— मान कटकन मोडून घेऊ नये. तिथून मेंदूला रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या जातात.

— बाळाचं दूध पिऊन झाल्यावर लगेच मालिश नको. बाळ आजारी असेल किंवा फार रडत असेल तर त्या दिवशी सुट्टी!

आणि मालिश करणाऱ्या बाईची परीक्षा घ्यायची असेल तर एकच करा. ती काम सुरू करण्याआधी तुम्हाला काही विचारते का, ते पाहा. "ऑपरेशन झालंय का? कुठे दुखतं? औषध काय चालू आहे?" असं विचारणारी बाई जाणती. आल्या आल्या तेल ओतून रगडायला लागणारी, मग तिच्याकडे कितीही प्रमाणपत्रं असोत, जरा जपूनच.

कपबशी

भाचीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. त्या मे महिन्यात, सगळे जेवायला बसलेले असताना, मी माझ्या पायाची गोष्ट पुन्हा सांगितली. वन्संना गुठळीचं माहीत होतं, पण ती कुणी ओळखली हे माहीत नव्हतं. आम्हीच कधी सांगितलं नव्हतं! बोलताना डॉक्टरांचं नाव निघायचं, काकींचं नाही. मी म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी काकींना नाही म्हणता आलं नसतं, तर आज तुमचा भाचा बिन-आईचा असता." हे जेवता जेवता थांबले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ताटावरून उठून गेल्याही नाहीत. आमच्याकडे तेवढंही पुष्कळ.

मुलीने बी.कॉम.ला नाव घातलं नाही. शिकायला जाण्याआधी जून-जुलैचे दोन महिने ती पूर्णगडलाच राहिली आणि रोज सकाळी काकींबरोबर फिरली. मुचकुंदीच्या पुलावरून पलीकडे गावखडीला एक बाळंतीण होती, पावसाच्या दिवसांत दोघी छत्री सावरत तिकडे चालत जायच्या. मग ती पुण्याला जाऊन रीतसर शिकली. आता एका उपचार केंद्रात नोकरी करते. पहिल्या पगाराचं तिने काय केलं असेल? आईला साडी घेतली, आणि काकींना बसायला एक बुटका, रुंद, मजबूत पाट करून पाठवला.

वन्सं पाहुण्यांना आता सांगतात, "आमची मुलगी उपचार केंद्रात असते." अजून 'मालिश' हा शब्द त्या उच्चारत नाहीत. एकदम सगळं बदलत नाही. त्यांच्या भीतीवर मी हसत नाही, कारण मी स्वतः तरी काय केलं होतं?

मी एवढंच केलं, की त्या कोनाड्यातला कप काढून टाकला. काकी पुढच्या वेळी आल्या तेव्हा आमच्यातल्याच कपबशीतून चहा दिला, आणि पडवीच्या पायरीवर नाही, आत माजघरात खुर्चीवर. पहिल्या दिवशी त्या संकोचून उभ्याच राहिल्या. सासूबाईच म्हणाल्या, "बस गो, उभी काय राहतेस." दोघी एका वयाच्या. एवढ्या वर्षांत समोरासमोर बसून चहा प्यायल्या नव्हत्या.

गेल्या वर्षी धाकट्या जावेचं बाळंतपण झालं, तेव्हा काकी येण्याआधी मी विचारलं, "काकी, दिवसाचे किती घ्याल?" त्यांनी आयुष्यात कधी आकडा सांगितला नव्हता. "तुमी द्याल तां," हेच त्यांचं उत्तर. मी म्हटलं, "तसं नाही, तुम्ही सांगा." पुष्कळ वेळ विचार करून त्यांनी एक आकडा सांगितला. फार थोडा होता. आम्ही भाचीला फोन करून विचारलं, आणि तिने सांगितलेला दर ठरवला. साडी-खण-नारळ तो वेगळा, मानाचा. मान हा मोलाच्या जागी द्यायचा नसतो, मोल देऊन वर द्यायचा असतो.

तुमच्याही घरी अशी कुणीतरी येत असेल. वाडीतल्या काकी असतील, नाहीतर मोबाइलवर बोलावलेली, गणवेश घातलेली मुलगी असेल. ती दारात आली की आधी तिला दर विचारा, बसायला नीट जागा द्या, आणि चहा दिलात तर आपल्याच कपात द्या. आणि तिने कधी "आज मी मालिश करणार नाही" असं म्हटलं, तर रागावू नका. तिचं ऐका.